पुरवणी

आमच्या शाळेत परीक्षेच्या वेळी हुशार मुलगा ओळखायची एक सोपी खूण होती. तो पुरवणी मागायचा. मुख्य उत्तरपत्रिका भरली की उभा राहून म्हणायचा, "सर, पुरवणी." मग सर कोरे पान आणि दोऱ्याचा तुकडा घेऊन यायचे आणि सगळा वर्ग माना वळवून त्या मुलाकडे पाहायचा. मीही बी.कॉम. होईपर्यंत पेपरागणिक एक तरी पुरवणी जोडली. तिच्यात काय लिहिले होते ते मात्र विचारू नका. पाने वाढली की गुण वाढतात अशी आमची समजूत होती. निकाल लागला की ती उतरायची आणि पुढच्या परीक्षेला परत चढायची.

हा पुरवणी शब्द आता वेगळ्याच कारणाने माझ्या मागे लागला आहे.

मी नांदेडला कारकून आहे. कार्यालय सुटल्यावर वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत बसतो. वीस-बावीस वर्षे झाली, मुलांचे अर्ज भरून देतो. जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, टी.सी., वसतिगृहाचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज. धर्म बौद्ध लिहिला तर जातीच्या रकान्यात काय लिहायचे, हा प्रश्न दर जूनमध्ये कुणीतरी विचारतेच. १९९० साली दुरुस्ती होऊन बौद्धांना केंद्राच्या सवलती लागू झाल्या, तरी रकान्यापुढे पेन अडखळतेच. या कामाचा मला कंटाळा नाही. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट ध्यानात आली. हे सगळे अर्ज आपल्या मुलांना एकच सांगतात की तू कोण आहेस ते सिद्ध कर. बापाचे नाव, आजोबाचा पुरावा, तहसीलदाराची सही. तुला काय करायचे आहे आणि का करायचे आहे, असे या अर्जांनी कधी विचारले नाही. त्यामुळे आपल्या मुलांना त्याची सवयही नाही.

आता विचारणारे अर्ज येऊ लागले आहेत. आपली मुले पदवीनंतर मुंबई, दिल्ली, बेंगळुरूची विद्यापीठे पाहू लागली आहेत. कुणी परदेशाचेही नाव काढते. नाव, गाव, गुण भरून झाले की काही अर्जांत खाली रिकाम्या चौकटी येतात. हाच विषय का? आमचेच विद्यापीठ का? वर्गाबाहेर तुम्ही काय केले? एखादा प्रश्न तुमच्यापुढे आला तेव्हा तुम्ही काय केलेत? उत्तर अमुक शब्दांत. अमेरिकेत पदवीच्या प्रवेशाला बरीच विद्यापीठे साडेसहाशे शब्दांपर्यंतचा एक निबंध मागतात आणि वर ज्या त्या विद्यापीठाचे आणखी वेगळे प्रश्न असतात. त्यांना तिकडे नावच 'सप्लिमेंट' आहे, म्हणजे आपली पुरवणीच. ब्रिटनमध्ये पदवीच्या अर्जाला पूर्वी चार हजार अक्षरांचे एकसलग निवेदन असे. २०२६ च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न केले आहेत. तिथल्या सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती तर नेतृत्व, लोकसंपर्क, अभ्यासक्रमाची निवड आणि पुढचा बेत अशा विषयांवर वेगवेगळी उत्तरे मागते. आपल्याकडे राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी परदेशी शिक्षणाची राज्य शासनाची शिष्यवृत्ती आहे. तिला कागद लागतात. पण आधी तिकडच्या विद्यापीठाचे प्रवेशपत्र हातात पाहिजे, आणि ते त्या रिकाम्या चौकटी भरल्याशिवाय मिळत नाही.

या चौकटी भरताना माझ्या हातून एक चूक झालेली आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचे सांगण्यात अर्थ नाही.

चार वर्षांपूर्वी आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलाने एका नामांकित संस्थेचा अर्ज आणला. बी.ए. ला चांगले गुण. बाप वीटभट्टीवर, सुट्टीत मुलगाही तिथेच. संध्याकाळी विहारात लहान मुलांना गणित शिकवायचा. पाढे म्हणून घ्यायची त्याची एक पद्धत होती. भट्टीवरच्या विटांच्या थराने तो गुणाकार शिकवायचा, एका ओळीत इतक्या, अशा इतक्या ओळी, असे इतके थर. पोरे पटकन शिकायची. मी हे डोळ्यांनी पाहिलेले. पण अर्जातल्या चौकटीपुढे तोही गप्प बसला आणि मीही. विटा, पाढे हे काय सांगायचे एवढ्या मोठ्या संस्थेला? मी नमुन्याची उत्तरे मिळवली. इंग्रजी माझी कारकुनी, पण नमुना समोर असला की चालते. मी लिहिले की हा मुलगा समाजाचे संघटन करतो, युवकांत नेतृत्व करतो, तळागाळाच्या सक्षमीकरणाचा त्याला ध्यास आहे. एक पुरवणी कमी पडेल इतके लिहिले. त्याने ते वाचले, काही शब्दांचे अर्थ विचारले आणि सही केली.

मुलाखतीला बोलावणे आले. आम्ही पेढे वाटले. मुलाखतीत एका बाईंनी त्याला चांगल्या आवाजात विचारले की तुम्ही संघटनाचे काम करता असे लिहिले आहे, तर त्यातला एखादा दिवस सांगा. तो सांगू शकला नाही. असा दिवसच नव्हता. जे दिवस होते ते अर्जात नव्हते, म्हणून ते सांगायचे असतात हेही त्याला सुचले नाही. मला वाटते त्या बाई अर्धा मिनिट थांबल्या असतील. त्याला तो अर्धा तास वाटला.

नंतर त्याने अभ्यासिकेत येणे सोडले. चाकणला एका कंपनीत लागल्याचे कळले. पुढे १४ एप्रिलच्या मिरवणुकीत भेटला. वाकून जयभीम केला, घरची चौकशी केली. जाताना हसून म्हणाला, "सर, तुमचं इंग्लिश लई भारी होतं." त्याने टोमणा मारला नव्हता. मारला असता तर बरे झाले असते.

म्हणून या वर्षी लातूरहून भाचीचा फोन आला तेव्हा मी आधी टाळले. माझी थोरली बहीण लातूरला दिलेली आहे. दाजी मार्केट यार्डात हमाली करतात. अक्का एका खाजगी वसतिगृहाच्या मेसवर पोळ्या लाटते. लातूर पॅटर्न सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. डॉक्टर व्हायला गावोगावची मुले लातूरला येतात आणि अक्कासारख्या बायका त्यांच्या पोळ्या लाटतात. भाची बी.ए. च्या शेवटच्या वर्षाला, विषय अर्थशास्त्र. परराज्यातल्या एका विद्यापीठाचा एम.ए. चा अर्ज तिने भरला होता. नाव मुद्दामच लिहीत नाही, निकाल लागायचा आहे. "मामा, शेवटचे चार प्रश्न राहिलेत. रविवारी रात्री बारापर्यंत मुदत आहे," ती म्हणाली. मी म्हणालो, तुझ्या प्राध्यापकांना दाखव. ती म्हणाली, "दाखवलं. ते म्हणाले, छान लिही."

शनिवारी सकाळच्या एस.टी. ने निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर. बसमध्ये सगळा वेळ तो वीटभट्टीचा मुलगा डोळ्यांपुढे होता.

भाचीने दोन प्रकारची उत्तरे तयार ठेवली होती. पहिला प्रकार तिचा स्वतःचा: माझा जन्म एका गरीब कुटुंबात झाला, माझे आईवडील फार कष्ट करतात, मला शिकून देशाची सेवा करायची आहे. दुसरा प्रकार मैत्रिणीने मोबाइलमधल्या त्या कृत्रिम बुद्धीकडून लिहून आणलेला. गुळगुळीत इंग्रजी, एकही खोड नाही. मी ते वाचायला लागलो आणि मला घाम फुटला. तेच शब्द! नेतृत्व, ध्यास, सक्षमीकरण. चार वर्षांपूर्वी मी दोन रात्री जागून जे केले होते ते आता यंत्र दोन मिनिटांत करत होते. माझ्या चुकीचा निदान वेग तरी वाढला.

"आणि मैत्रीण म्हणते की अशा अर्जांत दुःखाची गोष्ट पाहिजे," भाची म्हणाली. "ती म्हणाली, तुमच्याकडं तर आहे, आजोबांचं घर जाळलेलं. ते लिही."

दाजी दारात बसून पायाच्या भेगांना तेल लावत होते. त्यांनी मान वर केली.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्यांवर काय झाले ते या साप्ताहिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. दाजींच्या वडिलांचे घर त्यात गेले. दाजी तेव्हा मांडीवरचे. त्यांना आठवत काहीच नाही, पण वडील लातूरला आले ते त्यामुळेच. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला त्या दिवशी म्हातारा गंजगोलाईत पेढे घेऊन फिरला होता, असे अक्का सांगते.

दाजी म्हणाले, "पाव्हणं, एक सांगा. जलमभर आपण दाखलेच दाखविले. जातीचा दाखवा, उत्पन्नाचा दाखवा. आता जखम बी दाखवायची का? त्यावर मार्क असतेत का?"

मला उत्तर सुचेना. दाजी पुढे म्हणाले, "आणि हिच्या मायचं पोळ्या लाटायचं बी लिहायचं नाही. माझी हमाली बी नाही. पोरगीनं काय केलं ते इचारलंय ना? मग पोरगीचं लिहा."

त्यांचे बोलणे मला अर्धे पटले आणि अर्धे पटले नाही. भाचीला अजिबात पटले नाही. ती म्हणाली, "पप्पा, मग मी कुठून आले ते त्यांना कसं कळंल?" बापलेकीचे बोलणे वाढू लागले. अक्काने बेसन आणि भाकरी वाढल्या म्हणून ते थांबले.

जेवताना समोर भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. मला १९१३ ची गोष्ट आठवली आणि मी ती सांगितली. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ती चरित्रात वाचली असेल, पण त्या दिवशी मला ती वेगळी दिसली.

बाबासाहेब तेव्हा बी.ए. झालेले होते. २ फेब्रुवारीला वडील, रामजीबाबा, गेले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवणार होते. बाबासाहेब मुंबईत महाराजांना भेटले. महाराजांनी विचारले की कोणत्या विषयाचा अभ्यास करणार? बाबासाहेबांनी सांगितले की समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि विशेष करून सार्वजनिक अर्थव्यवहार. महाराजांनी विचारले की तो अभ्यास करून काय करणार? उत्तर आले की माझ्या समाजाची स्थिती सुधारण्याचे मार्ग त्यातून सापडतील. महाराज हसले आणि त्यांनी तिसरा प्रश्न टाकला. तू आमची नोकरी करणार ना? मग शिक्षण, नोकरी आणि समाजकार्य हे सगळे कसे जमवणार? बाबासाहेब म्हणाले की महाराजांनी संधी दिली तर मी जमवीन. पुढे ४ जूनला करार झाला. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी.

आता पाहा. पहिला प्रश्न विषयाचा, दुसरा हेतूचा, आणि तिसरा अगदी पुरवणी प्रश्न! आजच्या अर्जातल्या चौकटी याहून फारशा वेगळ्या नाहीत. उत्तरे किती लहान. एकाही उत्तरात विशेषण नाही. विषय विचारला तर विषयाचे नाव सांगितले, तेही नुसते अर्थशास्त्र नाही तर त्यातली नेमकी शाखा. सातारच्या शाळेत वर्गाच्या कोपऱ्यात स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागत असे, पाण्याच्या नळाला हात लावता येत नसे, हे बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. ते खरे होते आणि ताजे होते. पण महाराजांना दिलेली जी उत्तरे चरित्रात आहेत त्यांत गोणपाट नाही.

दाजींनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. पण भाची वकिली करण्यात बापाच्या वरताण. ती म्हणाली, "मामा, महाराजांना माहीत होतं समोर कोण उभं आहे ते. केळुसकर गुरुजींनी आधीच ओळख करून दिली होती ना? माझा अर्ज वाचणाऱ्याला मी कोण ते कुठं माहीत आहे?"

हे मला सुचले नव्हते. ओळख करून देणारा माणूस ही मोठी गोष्ट असते. बाबासाहेब न्यूयॉर्कहून लंडनला गेले तेव्हाही कोलंबियाचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना पत्र लिहिले होते. आपल्या मुलांच्या शिफारसपत्राची गत अशी की मुलानेच मजकूर लिहून न्यायचा आणि सरांनी खाली सही करायची. त्यावर कधीतरी वेगळे लिहायला हवे. असो.

तर प्रश्न तिथेच राहिला. कुठून आलो ते किती सांगायचे आणि कशासाठी?

कोंडी फोडली अक्काने. ती भांडी आवरताना सहज म्हणाली, "ते रेल्वेच्या पाण्याच्या साली हिनं वही केली होती बघ."

"कोणती वही?"

"घागरीची."

२०१६ चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडे. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणले होते, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर. पहिली गाडी १२ एप्रिलला आली, १० वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी येऊ लागली. पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणे होऊ नयेत म्हणून त्याआधीच मार्चमध्ये जमावबंदी लावली होती. सगळ्या देशाच्या वर्तमानपत्रांत त्या गाडीचे फोटो आले. गाडीतून पाणी उतरल्यावर गल्लीत काय झाले ते मात्र गल्लीलाच माहीत.

भाची तेव्हा सातवीत. गल्लीत ३१ घरे. टँकर कधी येईल याचा नेम नाही. अक्का मेसवर, दाजी यार्डात. टँकर आला की ज्या घरात दांडगे माणूस त्या घराचे बॅरल भरायचे. शेवटच्या घरात एक एकटी म्हातारी, तिची एक घागर भरली तर भरली. दोनदा अक्काच्या घराचा नंबर हुकला. तिसऱ्या वेळी ही पोरगी शंभर पानी वही घेऊन उपड्या बॅरलवर बसली आणि लिहू लागली. घर, माणसे, घागरी. कुणाला काही बोलली नाही. फक्त लिहीत राहिली. दोन-तीन टँकर असेच गेले. मग बायकांनीच विचारले, काय लिहायलीस गं? तिने वाचून दाखवले. पाच माणसांच्या घरात चौदा घागरी, नऊ माणसांच्या घरात सहा, म्हातारीला एक. गल्लीत ते आकडे पहिल्यांदाच कुणी मोठ्याने वाचले होते. भांडण झाले, मोठे झाले. पण पुढच्या टँकरला माणशी घागरी ठरल्या आणि वही वाचल्याशिवाय नळी सोडायची नाही असाही नियम झाला. म्हातारीला माणशी हिशोबाने दोनच यायच्या, तिला तीन द्यायचे बायकांनीच ठरवले.

"हे तू कुठं लिहिलंस?" मी भाचीला विचारले.

"ह्यात काय लिहायचं, मामा? लहानपणीचं आहे."

वीटभट्टीच्या मुलाने हेच सांगितले असते. आणि त्याला मी ते सांगूच दिले नव्हते.

वही आता नाही. अक्काने तिच्या उरलेल्या पानांवर दुधाचा हिशोब लिहिला आणि मग ती रद्दीत गेली. पण भाचीला आकडे आठवत होते. जे नक्की आठवत नव्हते ते लिहायचे नाही असे आम्ही ठरवले. मी तिला म्हणालो, इंग्रजी बाजूला ठेव, आधी मराठीत सांग. ती सांगत गेली, मी कारकून आहे, लिहीत गेलो. माझा एकही शब्द घालायचा नाही असे स्वतःला बजावून बसलो होतो. तरी एकदा हात गेलाच. "सामाजिक न्यायाची जाणीव" असे काहीतरी मी लिहिले. तिने ते वाचून खोडले. म्हणाली, "मला तेव्हा जाणीव नव्हती. राग होता."

मग मेसचा प्रश्न आला. त्याच एप्रिलमध्ये अक्काच्या मेसवर पाणी कधी तुटले नाही. मालक विकतचे टँकर आणायचा आणि तो खर्च मुलांच्या फीवर पडायचा. म्हणजे एकाच शहरात, एकाच महिन्यात, एकच बाई दिवसा विकतच्या पाण्यात पीठ मळत होती आणि रात्री घरी घागरीची वाट पाहत होती. भाची म्हणाली की अर्थशास्त्र घ्यावेसे वाटले ते इथून. पाण्याला किंमत कोण लावतो, आणि ज्याला ती देता येत नाही त्याच्या वाट्याचे कोण ठरवतो, हे तिला शिकायचे आहे. हाच विषय का, या पहिल्या चौकटीचे उत्तर तिथे तयार झाले. पण त्यात आई पोळ्या लाटते हे आल्याशिवाय गत्यंतर नव्हते.

दाजींना वाचून दाखवले. ते बराच वेळ बोलले नाहीत. यार्डात रोज शेकड्याने पोती मोजणारा माणूस. एका पोत्याची चूक झाली तर मजुरी कापली जाते, म्हणून आकडा ऐकला की ते आपोआप सावध होतात. त्यांनी दोनदा घागरी मोजून घेतल्या. मग म्हणाले, "हे रडगाणं नाही. हा हिशोब हाय. राहू द्या."

आजोबांचे घर अर्जात आले नाही. भाचीचा सुरुवातीला थोडा हट्ट होता. मी तिला एवढेच म्हणालो की ते तू केलेले नाहीस, आणि ते ज्यांनी केले त्यांना कुणी हा प्रश्न विचारत नाही. एम.ए. झाल्यावर १९७८ वर अभ्यास कर, तेव्हा एक पान नाही, सगळे पुस्तक लिही. ते लिहायलाही वाटा सोप्या नाहीत. केंद्र सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतातल्या समाजाचा अभ्यास हे विषयच वगळले होते. म्हणजे आपल्या पोराने परदेशात जाऊन जातीचा अभ्यास करतो म्हटले तर त्या चौकटीत तो बसत नव्हता.

रविवारचा दिवस उरलेल्या प्रश्नांत गेला. आमचेच विद्यापीठ का, याला तिने आधी लिहिले होते की आपले विद्यापीठ जगप्रसिद्ध आहे. ते त्यांना ठाऊकच असणार! आम्ही अभ्यासक्रमाचे पान उघडून बसलो. दुसऱ्या सत्रात पाणी आणि जमिनीच्या अर्थकारणावर एक विषय सापडला. तो शिकवणाऱ्या प्राध्यापकांचा एक लेख तिने दुपारभर शब्दकोश घेऊन वाचला. दोन पाने समजली, तिसरे समजले नाही. तिने उत्तरात तसेच लिहिले, की एवढे समजले, पुढचे समजण्यासाठी यायचे आहे. मला ते धाडसाचे वाटले. माझ्या हातात असते तर मी खोडले असते.

इंग्रजी तिचे तिनेच केले. साधे, लहान वाक्यांचे. दोन ठिकाणी काळ चुकला होता तेवढा मी दुरुस्त केला. घागर हा शब्द तिने घागरच ठेवला आणि पुढे किती लिटर ते लिहिले.

रात्री साडेदहाला सगळे भरून झाले आणि शेवटी एक चौकट निघाली, जी आम्ही पाहिलीच नव्हती. तुम्हाला आणखी काही सांगायचे आहे का? सक्तीची नव्हती. भाचीने माझ्याकडे पाहिले, मी दाजींकडे. दाजी म्हणाले, "नाही. मोकळी सोड." ओटीपी दाजींच्या मोबाइलवर येणार होता आणि मोबाइल चार्जिंगला शेजारी लावलेला. अक्का पळत जाऊन घेऊन आली. अकराला दहा मिनिटे कमी असताना अर्ज गेला.

पहाटेच्या गाडीने मी नांदेडला परतलो आणि थेट कार्यालयात गेलो. दुपारच्या सुट्टीत चाकणच्या त्या मुलाला फोन लावला. चार वर्षांत मी त्याला स्वतःहून फोन केला नव्हता. पलीकडे यंत्रांचा आवाज होता. मी म्हणालो, "तू विहारात विटांनी पाढे शिकवायचास ना, ते मला एकदा सगळं सांग. मी लिहून घेतो. तुझ्याच शब्दांत."

"आता कशाला, सर?"

"आता मी सांगू देत नाही असं होणार नाही म्हणून."

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ड्युटीवर आहे. रात्री करतो."

आज गुरुवार आहे. फोन आलेला नाही. अभ्यासिकेत बसताना मी तो टेबलावर, आवाज मोठा करून ठेवतो.